घरचं मैदान

क्रिकेटचं समालोचन ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना एक शब्द अगदी सवयीचा आहे. 'घरचं मैदान.' अमुक संघ घरच्या मैदानावर खेळतोय, म्हणजे खेळपट्टी ओळखीची, प्रेक्षक आपले, जेवण आवडीचं, एवढाच त्याचा अर्थ. वापरून वापरून शब्द गुळगुळीत झालाय. आज मी तुमच्याशी या शब्दाविषयी बोलणार आहे, पण निमित्त क्रिकेटचं नाही. निमित्त आहे अमेरिकन फुटबॉलच्या एका संघाचं आणि त्याच्या एका हंगामाचं. संघाचं नाव न्यू ऑर्लीन्स सेंट्स. हंगाम २००६ चा.

मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला हे कुठून सुचलं, असं कुणी विचारेल. मी खेळातला जाणकार नाही. पण आम्हा कविता लिहिणाऱ्यांचा व्यवहार शब्दांशी असतो आणि 'घर' हा शब्द तर आमच्या कवितांत इतक्या वेळा येतो की त्याची नाणेफेक करायचंच काय ते बाकी राहिलंय. अशा वेळी एखाद्या शहराच्या बाबतीत हा शब्द खरोखरच रिकामा होतो आणि मग हळूहळू, अर्धामुर्धा, पुन्हा भरतो. ते पाहिलं की आपल्यालाही शब्द जपून वापरावेसे वाटतात.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. नावात फुटबॉल असला तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. तो लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान शंभर यार्डांचं. एकेका संघात अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. असं करत करत समोरच्याच्या हद्दीच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू पोचवला की टचडाउन. त्याचे सहा गुण, वर एका लाथेचा सातवा. तीन प्रयत्न फुकट गेले तर चौथ्याला बहुधा चेंडू लाथेने लांब उडवून देतात, म्हणजे निदान समोरच्याला दूरवरून सुरुवात करावी लागते. याला म्हणतात पंट. हा पंट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. थोडक्यात हा खेळ जमिनीचा आहे. वीतभर जमिनीसाठी बावीस माणसं एकमेकांवर आदळतात. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदकी चालते तिथल्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको.

तिथल्या लीगमध्ये बत्तीस संघ. २००६ साली प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात सोळा सामने यायचे, आठ घरी आणि आठ बाहेर. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. संघ शहराच्या नावाने ओळखला जातो, पण बहुतेक वेळा तो एका मालकाचा असतो आणि मालकाच्या मनात आलं तर तो संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा संघ असाच रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला गेला. सकाळी शहर जागं झालं तेव्हा संघ नव्हता.

आता हे सेंट्स, म्हणजे शब्दशः संत. १ नोव्हेंबर १९६६ ला, ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणादिवशी, संघाची घोषणा झाली. शहर जाझ संगीताचं माहेरघर आणि संतांच्या मिरवणुकीचं एक प्रसिद्ध गाणं त्या संगीतात आहेच. तेव्हा नाव जुळून आलं. खेळ मात्र संतांसारखाच, समोरच्याला द्यायचं आणि आपण रिकामं राहायचं. १९८० च्या हंगामात सोळापैकी पंधरा सामने हरले, तेव्हा प्रेक्षक तोंडं लपवायला डोक्यावर कागदी पिशव्या घालून यायचे. तरी यायचे, हे लक्षात घ्या. १९६७ ते २००५ या एकोणचाळीस हंगामांत या संघाने बाद फेरीचा फक्त एक सामना जिंकला होता.

आणि मग २००५ चा ऑगस्ट आला. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याला जेमतेम महिना झाला होता. त्यामुळे छपरांवर बसलेल्या माणसांची तिकडची छायाचित्रं आपल्याला परकी वाटली नाहीत. २९ ऑगस्टला कॅटरिना चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आलं. न्यू ऑर्लीन्सचा मोठा भाग समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे. शहर उभं आहे ते बांधांच्या आणि कालव्यांच्या भिंतींच्या भरवशावर. त्या भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं की रचनेतच दोष होता. म्हणजे वादळ निसर्गाचं होतं, पूर बराचसा माणसाचा होता. मृतांचा आकडा अनेक वर्षं अठराशेच्या वर सांगितला जायचा, २०२३ मध्ये अमेरिकेच्या चक्रीवादळ केंद्राने तो १,३९२ असा सुधारला.

सेंट्सचं घरचं मैदान म्हणजे सुपरडोम. १९७५ साली उघडलेली ही अवाढव्य घुमटाकार इमारत, वर जवळजवळ दहा एकरांचं छप्पर. ज्यांच्याकडे गाडी नव्हती, पैसे नव्हते, ज्यांना शहर सोडता आलं नाही, त्यांच्यासाठी तो अखेरचा आसरा म्हणून उघडण्यात आला. पहिल्या रात्री दहा हजारांच्या आसपास माणसं आली, पुढे ती वीस हजारांच्या वर गेली. त्यांत बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय होती. वादळाने छपराचा पत्रा सोलून काढला, दोन भोकं पडली, पाऊस आत आला. वीज गेली. पाणी बंद पडलं, संडास तुंबले. त्या उकाड्यात म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं दिवसांमागून दिवस बसून राहिली. एका माणसाने वरून उडी टाकून जीव दिला. आत खून पडताहेत, बलात्कार होताहेत अशा बातम्या जगभर गेल्या. नंतर चौकशीत त्यांतल्या बहुतेक अफवा निघाल्या. पण गरिबांविषयीची अफवा दारातून आत येते आणि तिचा खुलासा अंगणातच उभा राहतो, हे आपल्याला ठाऊक आहे. शेवटी बसगाड्या आल्या आणि त्या माणसांना ह्यूस्टनला आणि कुठे कुठे घेऊन गेल्या.

संघही बेघर झाला. खेळाडूंचा मुक्काम टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला पडला. त्या हंगामातले त्यांचे आठ 'घरचे' सामने कुठे झाले बघा. पहिला न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाविरुद्ध, जायंट्सच्याच मैदानावर! कागदोपत्री यजमान न्यू ऑर्लीन्स, आणि ओरडणारे हजारो प्रेक्षक पाहुण्यांचे. सामना २७-१० असा गेला. मग तीन सामने सॅन अँटोनियोत, चार बॅटन रूजच्या विद्यापीठाच्या मैदानावर. या आठांपैकी एकच जिंकला. सगळ्या हंगामात सोळांपैकी तीन. घर नसलेल्या माणसाला पत्ता विचारला की तो जसा चाचरतो, तसा तो हंगाम होता.

याच काळात कुजबूज सुरू झाली की संघ आता परत जाणार नाही. मालक टॉम बेन्सन जन्माने न्यू ऑर्लीन्सचे, पण त्यांचे धंदे सॅन अँटोनियोतही होते. तिथल्या महापौरांनी उघडपणे हात पुढे केला होता. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात चूक काही नव्हती. अर्धंअधिक शहर रिकामं, उद्योग बुडालेले, प्रेक्षकच परगावी पांगलेले. तिथे तिकिटं कोण घेणार? आणि सुपरडोम तर पाडूनच टाका, असं म्हणणारेही होते. ज्या जमिनीवर एवढे हाल झाले तिथे कुणी टाळ्या वाजवायच्या?

पण हंगाम संपता संपता लीगने जाहीर केलं की संघ न्यू ऑर्लीन्सलाच परतेल. सुपरडोमची दुरुस्ती धडाक्यात सुरू झाली. खर्च अठरा कोटी डॉलरच्या वर गेला. त्यातला मोठा वाटा सरकारी आपत्ती निवारणाच्या पैशांतून आला. त्याच वेळी शहरातल्या गल्ल्यागल्ल्यांत घरं दारं उघडी टाकून कुजत होती. भिंतींवर बचाव पथकांनी रंगाने काढलेल्या फुल्या तशाच होत्या. आधी घरं की आधी मैदान, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो बरोबरच होता. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

संघात नवी माणसं आली. शॉन पेटन नावाचा प्रशिक्षक आला. त्याने याआधी कुठल्याही संघाची मुख्य जबाबदारी घेतली नव्हती. ड्रू ब्रीज नावाचा खेळाडू आला. या खेळात चेंडू फेकणारा जो क्वार्टरबॅक असतो तो संघाचा मेंदू. ब्रीजचा नेमका फेकीचा उजवा खांदा आधीच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात निखळला होता, मोठी शस्त्रक्रिया झाली होती. मायामीच्या संघाच्या डॉक्टरांना त्या खांद्याची खात्री वाटली नाही. न्यू ऑर्लीन्सने त्याला घेतलं. मोडलेल्या शहराने मोडलेला खांदा घेतला, असं म्हणायचा मोह कवीला होतो, पण खरी गोष्ट साधी आहे. दोघांनाही त्या वेळी दुसरं फारसं कुणी विचारत नव्हतं. रेजी बुशसारखा गाजलेला तरुण खेळाडू निवडीत दुसऱ्या क्रमांकावर मिळाला, आणि मार्कस कोल्स्टन मिळाला २५२ व्या क्रमांकावर, यादी संपता संपता. पुढे तोही संघाचा आधार ठरला.

आणि एक गोष्ट अशी घडली की हिशेबी माणसं गप्प झाली. परत आलेल्या, न आलेल्या, तंबूवजा गाड्यांत राहणाऱ्या लोकांनी हंगामाची सगळी तिकिटं विकत घेतली. संघाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच होत होतं. शहराची वस्ती तेव्हा पुरापूर्वीच्या निम्म्याहूनही कमी होती.

पहिले दोन सामने बाहेरगावी झाले, दोन्ही जिंकले. मग २५ सप्टेंबर २००६, सोमवारची रात्र. वादळानंतर तेरा महिन्यांनी सुपरडोमचे दरवाजे उघडले. समोर जुना प्रतिस्पर्धी, अटलांटा फाल्कन्स. सत्तर हजार माणसं आत. काही जण वर्षापूर्वी त्याच इमारतीत भिजलेल्या जमिनीवर झोपले होते. सामना सुरू होऊन दीड मिनिट झालं. अटलांटाचे तीन प्रयत्न वाया गेले आणि त्यांनी पंट मारायचं ठरवलं. मघाशी सांगितलेला तो पंट. चेंडू पायातून सुटतो न सुटतो तोच स्टीव्ह ग्लीसन नावाचा एक खेळाडू मधल्या फटीतून घुसला, आडवा झेपावला आणि हातांनी त्याने तो चेंडू अडवला. चेंडू मागे उसळला, त्यांच्याच हद्दीत घरंगळला आणि कर्टिस डीलोचने त्यावर अंग टाकलं. टचडाउन.

ग्लीसन काही तारा नव्हता. या खेळाच्या मानाने चणीने लहान, मोठ्या निवडीत कुणी न घेतलेला, मोजक्या वेळी मैदानात उतरणारा. पण त्या क्षणी जो आवाज उठला तो, तिथे होते ते सांगतात, नुसता जल्लोषाचा नव्हता. माणसं रडत होती, अनोळखी माणसांना मिठ्या मारत होती. न्यू ऑर्लीन्समध्ये अंत्ययात्रेची एक जुनी रीत आहे. कबरस्तानाकडे जाताना बँडवाले संथ, जड सूर वाजवतात. मृताला निरोप दिला की परतीच्या वाटेवर तोच बँड नाचरं संगीत सुरू करतो आणि मागून येणारे लोक छत्र्या, रुमाल नाचवत चालू लागतात. दुःख विसरले म्हणून ते नाचत नाहीत. पुरतं रडून झालं म्हणून नाचतात. त्या रात्री सुपरडोममध्ये परतीचा बँड वाजला, असं मला वाटतं. सामना सेंट्सनी २३-३ असा जिंकला.

एका रात्रीवर भावुक होणं सोपं असतं. हंगाम लांब असतो. सेंट्सनी सोळापैकी दहा सामने जिंकले आणि आपल्या विभागात पहिले आले. ब्रीजने त्या दुखऱ्या खांद्याने ४,४१८ यार्डांच्या फेकी पूर्ण केल्या, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. आणि एक गंमत सांगतो. ज्या घरासाठी एवढा अट्टहास केला, तिथे ते आठपैकी चारच सामने जिंकले. बाहेर मात्र आठपैकी सहा. आदल्या वर्षी जिथे त्यांनी खोटा 'घरचा' सामना खेळला होता, त्याच जायंट्सच्या मैदानावर नाताळच्या आदल्या दिवशी जाऊन ते ३०-७ असे जिंकून आले. मला हे आकडे फार बोलके वाटतात. घर असलं की माणूस घरीच जिंकतो असं नाही. घर असलं की तो निर्धास्तपणे बाहेर पडतो.

१३ जानेवारी २००७ ला बाद फेरीत सुपरडोममध्येच फिलाडेल्फियाला २७-२४ असं हरवलं. ड्यूस मॅकॅलिस्टर नावाच्या दणकट गड्याने त्या रात्री १४३ यार्ड धाव घेतली. आता अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, एका पावलावर होता. २१ जानेवारीला शिकागोत, थंडीत आणि हिमात, बेअर्सशी गाठ पडली. रेजी बुशने एक झेल घेऊन थेट ८८ यार्ड पल्ला मारला तेव्हा गुण १६-१४ झाले, आशा वाटली. पण मग सगळं निसटलं. ३९-१४. हंगाम संपला. करंडक वगैरे काही मिळालं नाही. तो मिळाला तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०१० मध्ये.

आता तो मघाचा प्रश्न. मैदान तेरा महिन्यांत उभं राहिलं. शहरातलं चॅरिटी हॉस्पिटल, जिथे पिढ्यान्‌पिढ्या गरिबांवर उपचार झाले, ते वादळानंतर बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. त्याच्या जागी नवं रुग्णालय सुरू व्हायला २०१५ उजाडलं. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने सरकारी चाळींसारख्या चार वसाहती, सुमारे साडेचार हजार घरं, पाडायला मंजुरी दिली. तिथले कितीतरी भाडेकरू अजून परगावीच होते. २००० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४,८४,६७४ होती. २०१० मध्ये ती ३,४३,८२९ भरली आणि २०२० मध्ये ३,८३,९९७. म्हणजे लाखभर माणसं परतली नाहीत. सुपरडोममधून बसमध्ये बसलेल्या कितीतरी जणांसाठी तो प्रवास एकेरी तिकिटाचा ठरला. त्यांनी घरचा सामना पाहिला तो टेक्सासमधल्या भाड्याच्या खोलीत, दूरचित्रवाणीवर.

म्हणून 'एका संघाने शहर वाचवलं' असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. शहर वाचतं ते नळाला पाणी आल्याने, शाळा उघडल्याने, बांध पक्का झाल्याने. खेळ यातलं काहीच करू शकत नाही, आणि खेळाच्या टाळ्यांत या गोष्टींची मागणी बुडू देणं हा अन्याय आहे. पण त्या हंगामाने काहीच केलं नाही, असंही मी म्हणणार नाही. रविवारी एकमेकांना भेटायचं एक ठिकाण त्याने परत दिलं. पांगलेल्या माणसांना 'आमचा' म्हणायला एक शब्द दिला. 'तुमचं शहर आता संपलं' असं सांगणाऱ्यांना एक उत्तर दिलं. छपराचं बिल भागवायला याचा उपयोग नाही, पण परत यायचं की नाही हे माणूस केवळ बिलावर ठरवत नाही.

स्टीव्ह ग्लीसनचं पुढे काय झालं ते सांगतो. २०११ मध्ये त्याला एएलएस हा आजार असल्याचं निदान झालं. यात स्नायू एकेक करून साथ सोडतात, हात, पाय, मग वाचा. आज तो डोळ्यांच्या हालचालीने अक्षरं निवडतो आणि यंत्र त्याच्या वतीने बोलतं. अशी यंत्रं गरजू रुग्णांना सरकारी विम्यातून मिळावीत म्हणून त्याने पाठपुरावा केला आणि त्याच्या नावाचा कायदा झाला. २०२४ मध्ये त्याचं आत्मकथनही आलं. एकेक अक्षर नजरेने वेचून लिहिलेलं पुस्तक! आमच्यासारख्यांनी एका बैठकीत कविता संपवून टाकण्याआधी क्षणभर त्याला आठवावं.

सुपरडोमच्या बाहेर २०१२ साली ब्राँझचा पुतळा उभारला गेला. त्यात ग्लीसन आडवा झेपावलाय आणि चेंडू त्याच्या हातांवर आदळतोय. नाव दिलंय 'पुनर्जन्म'. नाव मोठं आहे. ज्या लाखभर लोकांना परतता आलं नाही त्यांच्या नावाने मात्र तिथे काही उभं नाही. कधी त्या बाजूला गेलात तर पुतळा जरूर पाहा, आणि समोरचे दरवाजेही पाहा. २००५ च्या ऑगस्टमध्ये उशा आणि मुलं कडेवर घेऊन माणसं त्यांच्यातूनच आत गेली होती, आणि २००६ च्या सप्टेंबरमध्ये तिकिटं हातात घेऊन. दोन्ही वेळी रांगा लांब होत्या.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)